कार्टर भला माणूस होता हे मान्य, पण १९७०चं काय?

तांबडी_माती

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर गेले तेव्हा इथे श्रद्धांजलीचा धागा निघाला होता. साधा माणूस, रविवारी बायबल शिकवायचा, म्हातारपणी हातोडा घेऊन गरिबांची घरं बांधायचा वगैरे. सगळं खरं. मी तेव्हा गप्प राहिलो, कारण सुतकात कुणाचे हिशेब काढू नयेत. आता सुतक फिटलंय, तर लिहितो. राष्ट्राध्यक्षपद, इराण, कॅम्प डेव्हिड यातलं काहीही नाही. फक्त त्यांचं राज्य जॉर्जिया, साधारण १९५३ ते १९७४.

मी अटलांटात राहतो. गेल्या महिन्यात पाहुण्यांना घेऊन प्लेन्सला, कार्टरच्या गावी, गेलो. शेवटचा तासभर नुसती तांबडी माती, पाइन आणि भुईमूग. गाव म्हणजे एक रस्ता, रेल्वेचं जुनं लाकडी स्टेशन आणि समोर दुकानांची एक ओळ. तिथे मिठाच्या पाण्यात उकडलेल्या शेंगा मिळतात. आमच्या पाहुण्या काकू पिशवीत हात घालून म्हणाल्या, "अगंबाई, यासाठी एवढं पेट्रोल जाळलंत?" याच शेंगा शाळकरी जिमी घरी उकडून, पुड्या बांधून या रस्त्यावर विकायचा.

त्यांचं शेत गावाबाहेर, आर्चरी नावाच्या वस्तीत. वस्ती जवळजवळ सगळी कृष्णवर्णीय. आई लिलियन नर्स, कुणाच्याही घरी जाऊन शुश्रूषा करणारी. वडील अर्ल मात्र जुन्या रीतीचे: व्यवहाराला चोख, पण गोऱ्यांनी गोऱ्यांच्या जागी आणि काळ्यांनी काळ्यांच्या जागी राहावं या मताचे. १९३८च्या जूनमध्ये जो लुई आणि जर्मनीचा मॅक्स श्मेलिंग यांची बॉक्सिंगची लढत होती. शेजारपाजारच्या कृष्णवर्णीयांनी अर्लना विचारलं, आम्हाला ऐकता येईल का? घरात बोलावणं शक्यच नव्हतं. मग रेडिओ खिडकीत ठेवला आणि माणसं अंगणात झाडाखाली उभी राहिली. लुईने पहिल्याच फेरीत श्मेलिंगला लोळवलं. अंगणात चिडीचूप. 'थँक यू, मिस्टर अर्ल' म्हणून सगळे रस्ता ओलांडून रुळांपलीकडच्या एका घरात गेले, दार लावून घेतलं, आणि मग जो जल्लोष सुरू झाला तो रात्रभर. हा प्रसंग कार्टरनी स्वतः लिहून ठेवलाय.

मला त्यांचं पुढचं सगळं राजकारण त्या लावलेल्या दारासारखं वाटतं. दार लागेपर्यंत चिडीचूप. सांगतो कसं ते.

वडील १९५३मध्ये कॅन्सरने वारले. कार्टर तेव्हा नौदलात, अणुपाणबुडीच्या कामावर. नोकरी सोडून गावी आले. रोझलिनबाई इतक्या भडकल्या होत्या की परतीच्या प्रवासात नवऱ्याशी थेट बोलतच नव्हत्या. लहान मुलाला म्हणायच्या, 'बाबांना सांग, गाडी थांबवा.' पहिल्या वर्षी दुष्काळ पडला. शेंगांच्या बियाण्याच्या धंद्यातून वर्षाकाठी तीनशे डॉलरसुद्धा सुटले नाहीत, राहायला सरकारी अनुदानाचं घर.

१९५४मध्ये सुप्रीम कोर्टाने शाळांतली वंशविभागणी घटनाबाह्य ठरवली आणि दक्षिणेत गावोगाव गोऱ्यांच्या 'सिटिझन्स कौन्सिल' निघाल्या. वर्गणी पाच डॉलर. प्लेन्समधले बहुतेक सगळे गोरे पुरुष सभासद झाले, कार्टर झाले नाहीत. गिऱ्हाइकांनी काही दिवस पाठ फिरवली, मग परत आली. ही गोष्ट सगळे सांगतात आणि ती अभिमानाचीच आहे. पण त्याच काळात ते सम्टर काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) शाळा मंडळावर होते, आणि त्या शाळा वेगवेगळ्याच राहिल्या.

बाकी जेवून लिहितो.

मोडी_वाचक

वाचतोय. पण १९६२ची निवडणूक नीट लिहा. माझ्या मते माणसापेक्षा गणित महत्त्वाचं आहे, आणि ते गणित काउंटी युनिटशिवाय कळत नाही.

तांबडी_माती

त्याच्याकडेच येत होतो. जॉर्जियात काउंट्या १५९. डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक; पण खरी निवडणूक हीच, कारण दुसरा पक्ष नावालाच) मतं माणशी मोजायची नाहीत, काउंटीगणिक मोजायची. सर्वांत मोठ्या ८ काउंट्यांना प्रत्येकी ६ युनिट, नंतरच्या ३०ना प्रत्येकी ४, उरलेल्या १२१ना प्रत्येकी २. जो काउंटीत पहिला, त्याला तिची सगळी युनिट. आता बघा: अटलांटाच्या फुल्टन काउंटीत १९६०मध्ये साडेपाच लाख लोक आणि ६ युनिट. एकोल्स काउंटीत १,८७६ लोक आणि २ युनिट. एकोल्सचा एक रहिवासी फुल्टनच्या ९९ जणांच्या बरोबरीचा. शहरातले कृष्णवर्णीय आणि मवाळ गोरे एका फटक्यात बाद. १९४६मध्ये जेम्स कारमायकलना जास्त मतं पडली, पण युनिटांच्या जोरावर जिंकले कट्टर वंशभेदवादी युजीन टालमज. (शपथ घेण्याआधीच ते वारले आणि मग तीन जणांनी एकाच वेळी 'गव्हर्नर मीच' म्हणून दावा सांगितला. त्या तमाशावर वेगळा धागा होईल.)

१९६२मध्ये फेडरल कोर्टाने ही पद्धत मोडीत काढली. पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टानेही 'एक व्यक्ती, एक मत' म्हणून त्यावर शिक्का मारला. त्याच हिसक्यात राज्याच्या सेनेटचे मतदारसंघ नव्याने आखावे लागले आणि ऑक्टोबरात घाईघाईने प्रायमरी लागली. १ ऑक्टोबरला, आपल्या अडतिसाव्या वाढदिवशी, कार्टर सकाळी कामाच्या कपड्यांऐवजी रविवारची विजार घालून निघाले. रोझलिनबाईंनी विचारलं, कुणाच्या मयताला निघालात का? ते निघाले होते उमेदवारी जाहीर करायला. बायकोला सांगितलंही नव्हतं!

कोरडवाहू

अवांतर: आमच्याकडे साहेब फॉर्म भरून आले की बायकोला पेपरातून कळतं. तेव्हा हे चालायचंच.

मोडी_वाचक

तांबडी राव, क्विटमन काउंटीचा किस्सा मला लिहू द्या, माझा आवडता आहे.

चॅटाहूची नदीकाठचं जॉर्जटाऊन. तिथला पुढारी जो हर्स्ट, स्वतः आमदार, काउंटी त्याच्या मुठीत. मतदानाच्या दिवशी गुप्त मतदान वगैरे भानगड नाही. लोकांनी काउंटरवर त्याच्या डोळ्यांदेखत खूण करायची. मतपेटी म्हणजे दारूच्या बाटल्यांचा पुठ्ठ्याचा खोका, वर भोक पाडलेलं. मतं द्यायला माणसं आली ३३३ आणि खोक्यात निघाल्या ४२० मतपत्रिका. (आकडा मी मुद्दाम निवडलेला नाही!) मेलेल्यांनी मत दिलं होतं, तुरुंगातल्यांनी दिलं होतं, आणि कित्येक मतदार तर चक्क आद्याक्षरांच्या क्रमाने रांगेत येऊन गेले होते. एकूण निकालात प्रतिस्पर्धी होमर मूर १३९ मतांनी पुढे. मूरसुद्धा शेंगांचेच व्यापारी.

कार्टर हटून बसले. 'अटलांटा जर्नल'चे जॉन पेनिंग्टन जॉर्जटाऊनला जाऊन दारोदार फिरले आणि त्यांनी बातम्या छापल्या. अटलांटाहून चार्ल्स कर्बो नावाचे मुखदुर्बळ दिसणारे वकील आले. त्यांनी फेरमोजणीच्या वेळी कोंबडीचोरांची गोष्ट सांगितली: चोर पळताना मागे झाडाची फांदी ओढत न्यायचे, म्हणजे पावलांचे ठसे पुसले जातील. मग खोका उघडला. शंभराहून जास्त मतपत्रिका एकातएक गुंडाळलेल्या निघाल्या. न्यायाधीशांनी जॉर्जटाऊनचा अख्खा खोका बाद केला आणि कार्टर ६५ मतांनी पुढे गेले. त्यानंतरही कोर्टकज्जे झाले, पण जानेवारी १९६३मध्ये ते सेनेटमध्ये बसले.

त्याच सेनेटमध्ये त्याच निवडणुकीतून आलेले अटलांटाचे लिरॉय जॉन्सन बसले होते, पन्नासहून अधिक वर्षांत जॉर्जियाच्या विधिमंडळात आलेले पहिले कृष्णवर्णीय. कोर्टाने गणित बदललं नसतं, तर हे दोघेही आत आले नसते.

शमा_पुणे

मस्त चाललाय धागा. पण तांबडी_माती, तुमचा १९७०चा मुद्दा अजून आलेला नाही. आणि हर्स्टचं काय झालं?

मोडी_वाचक

मतचोरीत दोषी ठरला.

तांबडी_माती

येतो १९७०वर. पण आधी दोन गोष्टी, दोन्ही कार्टरच्या बाजूच्या. सेनेटमधलं त्यांचं पहिलंच भाषण होतं ते 'तीस प्रश्नां'विरुद्ध. कृष्णवर्णीय माणूस मतदार म्हणून नाव नोंदवायला आला की त्याला घटनेवरचे असले प्रश्न विचारायचे, की वकिलालाही घाम फुटावा. १९६५मध्ये त्यांच्या चर्चमध्ये ठराव आला, की कृष्णवर्णीयांना दारातून परत पाठवावं. ठराव ५४ विरुद्ध ६ असा मंजूर झाला. त्या सहांतले पाच कार्टरच्या घरचे. जवळपास पन्नास लोकांनी हातच वर केला नाही.

१९६६मध्ये गव्हर्नरपदाला उभे राहिले आणि प्रायमरीत तिसरे आले. शेवटी गव्हर्नर झाला कोण? लेस्टर मॅडॉक्स. १९६४मध्ये नागरी हक्क कायदा आल्यावर याच्या 'पिकरिक' हॉटेलात तीन कृष्णवर्णीय जेवायला आले, तर याने पिस्तूल दाखवून त्यांना हाकललं. गिऱ्हाइकं हातात कुऱ्हाडीचे दांडे घेऊन मागे उभी. पुढे त्याने हॉटेल बंद केलं, पण कृष्णवर्णीयांना वाढलं नाही. राज्यकारभाराचा अनुभव शून्य. तरी जिंकला! कार्टर खचले. त्यांची ती प्रसिद्ध 'बॉर्न अगेन' श्रद्धा (आपला पुनर्जन्म नव्हे, ख्रिस्ती धर्मातलं आध्यात्मिक अर्थाने नव्याने जन्मणं) या पराभवानंतरची.

आणि मग ते शिकले. माझा आक्षेप इथून सुरू होतो.

१९७०मध्ये समोर माजी गव्हर्नर कार्ल सँडर्स: शहरी, श्रीमंत, वंशाच्या प्रश्नावर मवाळ. कार्टरनी त्यांना 'कफलिंक्स कार्ल' केलं आणि स्वतः शेंगावाला शेतकरी झाले. इथवर राजकारण. पण शेजारच्या अलाबामाचे जॉर्ज वॉलेस (हो, तेच, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अडवायला दारात उभे राहणारे) यांना सँडर्सनी जॉर्जियात सरकारी जागेत बोलू दिलं नव्हतं. मी गव्हर्नर झालो तर वॉलेसना बोलावीन, असं कार्टर सांगत फिरले. कृष्णवर्णीयांसोबत शिकायला नको म्हणून गोऱ्यांनी काढलेल्या एका खासगी शाळेला जाऊन भेट दिली. एक पत्रक फिरत होतं: सँडर्स आणि अटलांटा हॉक्सचे कृष्णवर्णीय बास्केटबॉल खेळाडू, विजयाचा जल्लोष, डोक्यावर शॅम्पेन. सँडर्स त्या संघाचे भागीदार होते, फोटो खराच. पण तो खेड्यांतल्या गोऱ्यांच्या हाती का पडत होता हे शेंबडं पोरही सांगेल. त्यामागे कार्टरचीच माणसं होती असा आरोप तेव्हापासून आहे, कार्टरनी तो कधी मान्य केला नाही.

पहिल्या फेरीत कार्टरना जवळजवळ निम्मी मतं, सँडर्सना ३८ टक्क्यांच्या आसपास. रनऑफ (पहिल्या दोघांतला फेरसामना) कार्टरनी सहज मारला. कृष्णवर्णीयांची मतं बहुतांशी सँडर्सना.

आणि १२ जानेवारी १९७१ला शपथ घेऊन, छोट्याशा भाषणात, हाच माणूस म्हणाला: मी तुम्हाला स्पष्ट सांगतो, वंशभेदाचा काळ संपला आहे. कुणाही गरीब, खेड्यातल्या, दुबळ्या किंवा काळ्या माणसाला शिक्षण, नोकरी किंवा साध्या न्यायासाठी जास्तीचं ओझं वाहावं लागता कामा नये.

समोर ज्यांनी मतं दिली ते बसलेले. व्यासपीठावर लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून निवडून आलेला मॅडॉक्स. जॉर्जियाच्या गव्हर्नरला तेव्हा लागोपाठ दुसऱ्यांदा उभं राहता येत नव्हतं. म्हणजे त्या मतदारांकडे परत जायचंच नव्हतं. दार लागलं होतं, आता ओरडायला हरकत नाही.

पाचवा_कोनाडा

उपमा छान आहे पण साफ चुकलेली आहे. अंगणात चिडीचूप उभे होते ते जिवाच्या भीतीने. जल्लोष केला असता तर दुसऱ्या दिवशी काम गेलं असतं, किंवा त्याहून वाईट काही. कार्टर गप्प राहिले ते खुर्चीसाठी. दोन्ही चुपींना एका दाराआड ठेवू नका.

आणि सँडर्सचं नाव घेता, तर त्याच प्रायमरीत तिसरा उमेदवार होता त्याचंही घ्या. सी. बी. किंग. ऑल्बनीचे कृष्णवर्णीय वकील, १९६२मध्ये शेरीफने काठीने डोकं फोडलेलं. ते उघडपणे उभे होते. त्यांना एक दिवस तरी चिडीचूप राहायची चैन परवडली असती का?

मोडी_वाचक

कोनाडा राव, तुमचा मुद्दा बिनतोड. पण पुढचं तरी काय करायचं? किंग निवडून येणं १९७०च्या जॉर्जियात शक्य नव्हतं. सँडर्स आले असते तर पुन्हा मवाळ कारभार. कार्टरनी काय केलं? तीनशेच्या आसपास सरकारी खाती-मंडळं होती, ती बावीसवर आणली. मंडळांवर, न्यायालयांत कृष्णवर्णीयांच्या नेमणुका केल्या. आणि ते एकटे नव्हते: त्याच वर्षी फ्लोरिडात रुबिन अ‍ॅस्क्यू, आर्कान्सात डेल बंपर्स, साउथ कॅरोलायनात जॉन वेस्ट निवडून आले. चौघांच्या अंतःकरणात एकाच वर्षी प्रकाश पडला का? १९६५च्या मतदान हक्क कायद्याने कृष्णवर्णीयांची नावं याद्यांत चढली, युनिट पद्धत गेली, शहरं वाढली. वंशद्वेषाच्या भांडवलावर मिळणारं व्याज घटलं, म्हणून सावकारांनी धंदा बदलला. १९७२मध्ये अँड्र्यू यंग काँग्रेसवर (अमेरिकेच्या संसदेवर) निवडून गेले, पुढच्या वर्षी मेनार्ड जॅक्सन अटलांटाचे महापौर म्हणून निवडून आले, दोघेही कृष्णवर्णीय. ते कार्टरच्या भाषणामुळे नव्हे.

शमा_पुणे

पण मग अलाबामात त्याच १९७०मध्ये वॉलेस कसे जिंकले? तेही अत्यंत गलिच्छ प्रचार करून? कायदा तिथेही तोच होता. व्याज सगळीकडे सारखं घटलं नव्हतं, मोडीसाहेब. काही प्रमाणात माणूस मोजावाच लागेल.

मोडी_वाचक

हम्म. मान्य.

पाचवा_कोनाडा

माणूस मोजायचा तर पूर्ण मोजा. १९६३चा उन्हाळा. प्लेन्सपासून पंधरा-वीस मिनिटांवर अमेरिकस, सम्टर काउंटीचं मुख्य गाव. निदर्शनं केली म्हणून शाळकरी मुलींना पकडून लीसबर्गच्या एका जुन्या कोठडीत कित्येक आठवडे डांबलं. संडास तुंबलेला, जमिनीवर झोपायचं, घरच्यांना पत्ता नाही. चार कार्यकर्त्यांवर तर बंडाचा असा आरोप ठेवला की शिक्षा फाशीची. त्या भागाचा राज्य सेनेटर कोण? कार्टर. तोंडातून अवाक्षर नाही. १९६२मध्ये त्यांच्या बाजूने धावलेले अमेरिकसचे वकील वॉरन फोर्टसन यांनी दोन्ही वंशांची समिती नेमा एवढंच म्हटलं, तर १९६५मध्ये गावाने त्यांना बिऱ्हाड हलवायला लावलं. गोरा माणूस बोलला की काय होतं ते कार्टरना शेजारीच दिसत होतं, हे मी मान्य करतो. पण फोर्टसन बोलले ना?

विक्रोळीकरीण

इतक्या गंभीर चर्चेत मी जरा दुसरीकडून येते. तुम्ही सगळे १९६६ म्हणताय, त्याच वर्षअखेर लिलियनबाई कुठे होत्या माहीत आहे का? आमच्या विक्रोळीत! पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक योजनेतून, वयाच्या ६८व्या वर्षी. गोदरेज कॉलनीत आधी कुटुंबनियोजनाचं काम, मग दवाखान्यात. कुष्ठरोग्यांची शुश्रूषासुद्धा केली. १९६८पर्यंत होत्या. मी त्या कॉलनीच्या शेजारी लहानाची मोठी झाले आणि हे मला कळलं कॉलेज संपल्यावर. मुलगा तिकडे मॅडॉक्सकडून हरून देवाला प्रश्न विचारतोय आणि आई इकडे विक्रोळीच्या उकाड्यात जखमा धुतेय. आईने जे केलं ते मतं न मागता केलं, एवढं म्हणून मी बसते.

कोरडवाहू

ताई, तुमचा प्रतिसाद धाग्यापेक्षा भारी.

तांबडी_माती

विक्रोळीकरीण, हे मला माहीत होतं, पण तारखा अशा शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

कोनाडा, दाराची उपमा मागे घेतो. तुम्ही म्हणता ते बरोबर, त्या अंगणातल्या माणसांशी कार्टरची तुलना करण्याचा मला अधिकार नाही. आक्षेप मात्र राहतो, आणि शपथविधीनंतरही तो पूर्ण फिटत नाही. १९७१मध्ये व्हिएतनाममधल्या माय लायच्या हत्याकांडात लेफ्टनंट कॅली दोषी ठरला, तेव्हा जॉर्जियात लोक खवळले. कार्टरनी काय केलं, तर 'अमेरिकन फायटिंग मॅन्स डे' जाहीर करून गाड्यांचे दिवे लावून फिरायला सांगितलं. १९७३मध्ये फाशीच्या नव्या कायद्यावर सही केली. जनमताकडे एक कान कायम होताच.

सह्याद्रीपुत्र८१

धागा वर काढतोय. कॉइनोनिया राहिलं की! अमेरिकसजवळचं शेत, १९४२मध्ये क्लॅरन्स जॉर्डन यांनी काढलेलं, गोरे-काळे एकत्र राबणारे, एका पंगतीत जेवणारे. पन्नाशीच्या दशकात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, रस्त्यालगतचा शेंगांचा स्टॉल उडवला, गावाने बहिष्कार टाकला. राजकारणातले कार्टर त्यांच्यापासून चार हात लांबच राहिले. आणि हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी, ज्यासाठी कार्टर हातोडा घेऊन जगभर फिरले, त्या संस्थेची मुळं याच शेतात आहेत. २००६मध्ये लोणावळ्याजवळ पाटण गावात त्यांनी हजारो स्वयंसेवकांबरोबर आठवड्याभरात शंभर घरं उभी केली. मी तेव्हा कॉलेजात होतो, विटा द्यायला गेलो होतो. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, डोक्याला रुमाल, कुणाशी फालतू गप्पा नाहीत. आमचा फोरमन घाबरून दर दहा मिनिटांनी ओळंबा लावून बघायचा, कारण म्हातारा भिंत वाकडी दिसली की थांबवायचा.

पाचवा_कोनाडा

ज्या शेताकडे बघायची चोरी होती, त्याच शेताचा हातोडा. हे मी विसरलो होतो. आक्षेप मागे घेत नाही, पण आज आणखी भांडत नाही.

तांबडी_माती

एक राहिलं. १७ फेब्रुवारी १९७४. अटलांटाच्या कॅपिटॉलमध्ये, जिथे तोवर फक्त गोऱ्यांच्या तसबिरी होत्या, कार्टरनी तीन तसबिरी लावल्या: मार्टिन ल्यूथर किंग, शिक्षिका लूसी लेनी आणि बिशप हेन्री टर्नर. बाहेर कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या वर्णद्वेषी संघटनेचे लोक निषेधाला उभे. यातले टर्नर १८६८मध्ये जॉर्जियाच्या विधानसभेवर निवडून आले होते आणि केवळ काळे म्हणून त्यांना बाकीच्या कृष्णवर्णीय सदस्यांसकट बाहेर काढलं होतं. पाहुण्यांना घेऊन तिथेही गेलो होतो. काकूंनी टर्नरच्या तसबिरीसमोर उभं राहून विचारलं, "आणि यांना परत आत कधी घेतलं?" मी म्हटलं, कोर्ट आणि वॉशिंग्टनने भाग पाडलं तेव्हा, दीडेक वर्षाने. त्यांनी पर्समधून उरलेल्या शेंगांची पिशवी काढली, तर सुरक्षारक्षकाने खूण केली, इथे खायचं नाही.